बिनसहीची रेघ

माझ्या भावाचं अक्षर इतकं बारीक आहे, की डॉक्टरांची अक्षरं लावण्यात जन्म गेलेल्या मलाही ते वाचताना चष्मा पुसून घ्यावा लागतो. कॉलेजात त्याला सगळे यादीवाले म्हणतात. मी दादा म्हणते. तो मला सिस्टर म्हणतो, कारण मी चौतीस वर्षं नर्स होते आणि सख्ख्या बहिणीला सिस्टर म्हणण्यात फार मोठा विनोद आहे, असं त्याला अजूनही वाटतं. त्याच्या विनोदाची धाव तेवढीच.

यादीवाले हे नाव त्याला का पडलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. आपल्याकडच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी जी दोन अक्षरं येतात ना, त्या दोन अक्षरांच्या आत कोण कोण राहतं त्याची एक यादी असते. आपण एखादं नाव टाकलं की संगणक आधी त्या यादीला विचारतो, हे नाव कुठल्या मशीनवर राहतं? यादी सांगते, आणि मग पुढचं सगळं होतं. यादीत नाव नसेल तर दुकान उघडं असतं, माल मांडलेला असतो, पण तिथे जायचं कसं हे कोणालाच सापडत नाही. दादाने हे मला समजावलं तेव्हा मी विचारलं, "मग ही यादी सरकारात कोणाकडे असते?" तो म्हणाला, "माझ्याकडे." मला वाटलं आणखी एक विनोद.

पण खरंच ती त्याच्याकडे होती. तीस वर्षांपूर्वी बाहेरच्या कुठल्याशा विद्यापीठातून पत्र आलं, की तुमच्याकडच्या नावांची यादी ठेवायला कोणीतरी माणूस द्या. पत्र या खात्यातून त्या खात्यात फिरलं, कोणाला काही अर्थबोध झाला नाही, आणि शेवटी ते कॉलेजच्या संगणक विभागात येऊन पडलं. विभागप्रमुख म्हणाले, यादीच ठेवायची ना, मग आपल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला द्या, त्याची टाचणीसुद्धा जागच्या जागी असते. एवढ्यावर काम झालं. आज त्याच यादीसाठी मंत्री आणि कंपन्या एकमेकांच्या झिंज्या ओढतात, तेव्हा मला ते विभागप्रमुख आठवतात.

काम मिळालं त्याच आठवड्यात दादा दुपारी माझ्या वॉर्डात आला आणि म्हणाला, "तुमच्याकडे केसपेपर कसे ठेवतात ते दाखव." मी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं आणि दाखवलं. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, तारीख, सही. पांढरा रंग फासून झाकलेलं दिसलं की समजायचं, कोणीतरी काहीतरी लपवतंय. त्याने ते सगळं त्याच्या मुंगीच्या अक्षरात लिहून घेतलं, आणि तीस वर्षं नावांच्या वह्या त्याच नियमाने ठेवल्या. यादी पुढे मशीनमध्ये गेली, हाताखाली दोन माणसं आली, तरी वहीत नोंद झाल्याशिवाय एक नाव आत जायचं नाही आणि बाहेर यायचं नाही.

त्याचा आणखी एक रिवाज होता. नाव मागणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः फोन करायचा. तीन प्रश्न. नाव एकेक अक्षर सुटं करून सांगा. मशीनचा आकडा सांगा. आणि बिघडलं तर फोन कोण उचलेल? चौथा प्रश्न, म्हणजे हे नाव कशासाठी हवं, तो कधीच विचारायचा नाही. "तो विचारायचा मला अधिकार नाही," असं म्हणायचा आणि हे म्हणताना त्याची मान जरा ताठ व्हायची. लग्न जमवणाऱ्या बाई, टायर विकणारे, कविता करणारे, सरकारला शिव्या देणारे, सरकार स्वतः, सगळे एकाच रांगेत. आधी येईल त्याला आधी मिळेल. एकदा एका मंत्र्याच्या सचिवाला त्याने सांगितलं होतं, की साहेबांना हवं ते नाव एका न्हाव्याने घेतलेलं आहे, त्याच्याशी बोलून बघा. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर मिळते.

माझा नवरा गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी मी दादाकडे राहायला आले. त्याने लग्न केलंच नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत मी आणि दुसरीत तो, त्याच्या वह्या आणि एक पंखा, जो मधूनमधून स्वतःच्या मर्जीने थांबतो. तो पासष्टचा झाला आणि कॉलेजने खात्याला पत्र लिहिलं, की आमचे हे गृहस्थ आता निवृत्त होणार, यादी कोणाकडे द्यायची ते कळवा. आणि इथून तमाशा सुरू झाला.

तीस वर्षं ज्या गोष्टीकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं तिला एकदम चौफेर धनी उगवले. खातं म्हणालं, रस्ते आमचे, पाणी आमचं, तशी यादीही आमची. कंपन्यांचा संघ म्हणाला, खात्याला एक खड्डा बुजवायला दोन वर्षं लागतात, यादी आमच्याकडे द्या. काही शिकलेले लोक म्हणाले, दोन्ही नकोत, जगभरातल्या तज्ज्ञांची समिती नेमा. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे आणखी दहा जण. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी ओरडायची आणि खाली पट्टी यायची, इंटरनेटवर राज्य कोणाचं? आमच्या जिन्यात भेटणारी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाईसुद्धा मला विचारायला लागली, "ताई, ते इंटरनेट शेवटी कोणाच्या वाट्याला जाणार हो?" जणू आमच्या घरातच वाटणी चालली होती.

आणि मग लोकांनी चौथंच काढलं. ज्याला ज्याला दादाने कधी फोन केला होता तो तो म्हणू लागला, यादी यादीवाल्यांकडेच राहू द्या. त्यांच्या नावाने एक न्यास करा, ते असेपर्यंत ते बघतील, पुढचा माणूस तेच निवडतील. तीस वर्षांत ह्या माणसाने कोणाचं वाकडं केलं नाही, मग हवंय कशाला दुसरं? सह्यांची मोहीम निघाली. टायरवाल्याने दुकानावर फलक लावला. सरकारने जाहीर सुनावणी ठेवली, तीन दिवसांची, आणि सगळ्यांनाच दिसत होतं की वारं दादाच्या बाजूने आहे.

दादा वरून काही बोलत नव्हता, पण मी त्याला ओळखते. त्याला ती यादी सोडायची नव्हती. सकाळी नऊला त्याने मशीन उघडून रात्रीतून काही अडलं तर नाही ना हे पाहिलं नाही, असा एक दिवस मला आठवत नाही. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा आधी यादी, मग मी. ती काढून घेतली असती तर त्याने सकाळी नऊला करायचं काय? आणि खरं सांगायचं तर मलाही हवं होतं ते. आयुष्यभर बारीक अक्षरात जगलेल्या माणसाचं नाव कुठेतरी मोठ्या पाटीवर लागणार होतं. मी पाटी कुठल्या रंगाची असावी इथपर्यंत पोचले होते.

सुनावणीच्या आदल्या रविवारी आम्ही वह्या पुसायला काढल्या, कारण समितीने त्या बघायला मागवल्या होत्या. मी एकेक पान उलटून धूळ झटकत होते आणि जिथे जिथे रेघ दिसेल तिथे नर्सच्या सवयीने शेजारची सही बघत होते. कारण, तारीख, सही. कारण, तारीख, सही. मला भारी अभिमान वाटत होता. तिसऱ्या वहीत मात्र एका रेघेशी माझा हात थांबला. नाव होतं 'विहिरीचं पाणी'. रेघ सरळ, खालचं नाव स्वच्छ वाचता येणारं. शेजारची जागा कोरी. त्याच पानावर खाली तेच नाव नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदलेलं.

"दादा, इथे सही राहिली."

त्याने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहिली नाही," तो म्हणाला. "केली नाही."

मग फडकं हातात तसंच धरून त्याने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या गावात रंगाचा कारखाना होता. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर दर शनिवारी गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचे आणि आकडे ह्या वेबसाइटवर लावायचे. कारखान्याचा मालक कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून देणार होता. गावात विहिरींबद्दल सभा लागली होती, आणि सभेच्या दहा दिवस आधी प्राचार्यांनी दादाला खोलीत बोलावलं.

"ते म्हणाले, मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. फक्त काही दिवस त्या नावाला जरा तांत्रिक अडचण असू दे."

"आणि नाही केलं तर?"

"तसलं काही बोललेच नाहीत ते. नोकरीचा शब्द काढला नाही. मीच तो ऐकला. खोलीतून बाहेर आलो आणि रेघ मारली. कारण काय लिहिणार? खोटं लिहायला हात धजेना, आणि खरं लिहायला त्याहून धजेना. एकोणीस दिवस नाव बाहेर होतं."

मास्तर सहाव्या दिवशी बसने त्याच्याकडे आले होते, बगलेत फाईल घेऊन. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, दादा म्हणाला. ते हात जोडून म्हणाले, की माझंच काहीतरी चुकलं असणार, मी ह्यातला अडाणी, तुमचा वेळ खातोय. दादा म्हणाला, बघतो. सभा झाली. मास्तरांनी सगळ्यांना वेबसाइटचा पत्ता देऊन ठेवला होता आणि त्या पत्त्यावर काहीच उघडत नव्हतं. हाताने लिहिलेली त्यांची वही कोणी मानली नाही, सभेने ठरवलं, पुरावा नाही. नंतर दादाने नाव परत घातलं, तर मास्तरांनी आभाराचं पत्र पाठवलं. ज्या विहिरीचे आकडे सगळ्यांत वाईट होते ती पुढे दोन वर्षांनी बंद झाली.

त्या दोन वर्षांत त्या गावातून आमच्या वॉर्डात पोरं यायची. कशामुळे ते कधी सिद्ध झालं नाही. मी त्यांना सलाईन लावलेलं आहे. हे मी दादाला त्या दिवशी सांगितलं नाही.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला बसलेच आहे तर सांगते. मी उठले, त्याचं पेन आणलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता सही कर. तारीख तेव्हाची टाक. कारण लिही, मशीनचा आकडा बदलला. कोणाच्या बापाला कळतंय?"

त्याने पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा नियम तुझा आहे, सिस्टर."

इतकंच म्हणाला. तो मोठ्याने बोलला असता तर मी भांडले असते. मी पेन उचलून परत कपाटावर ठेवलं. तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, निदान आपण होऊन तोंड उघडू नकोस. तो म्हणाला, कोणी विचारलं तर सांगेन. मी म्हटलं, कोणी विचारणार नाही. आणि ते खरंच होतं, विचारणार कोण? ते अक्षर वाचायला आधी भिंग लागतं.

सुनावणी जुन्या सभागृहात होती. व्यासपीठावर एक निवृत्त न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य, टेबलावर घंटी. प्रत्येकाला तीन मिनिटं. पहिले दोन दिवस मोठ्या लोकांचे. खात्याचा तरुण अधिकारी म्हणाला, "ह्या गृहस्थांबद्दल मला आदर आहे. पण उद्या ते आजारी पडले तर? एका माणसाच्या तब्येतीवर सगळ्या देशाचे पत्ते कसे ठेवायचे?" कंपन्यांची वकीलबाई म्हणाली, माणूस चांगला आहे हा काही नियम नव्हे. मला दोघांचाही राग आला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच आला. अधिकारी बोलला की मला वाटायचं, ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ह्याला फक्त ससा हवाय. वकीलबाई बोलली तरी तेच वाटायचं. आपला भाऊ तेवढा पारधी नाही, अशी माझी ठाम समजूत, त्या रविवारी सगळं ऐकल्यानंतरसुद्धा.

न्यायाधीश बाईंनी वह्या मागवून भिंगाने चाळल्या. चार-पाच पानं पाहून म्हणाल्या, "माझ्या न्यायालयात असं एक जरी दफ्तर असतं तरी मी सुखाने निवृत्त झाले असते." सभागृह हसलं. वह्या मिटल्या गेल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिसरा दिवस सामान्य लोकांचा. एका माणसाची तीन मिनिटं, जावयाने त्याच्या दुकानाचं नाव कसं पळवलं, ह्यातच गेली. घंटी वाजली तेव्हा तो म्हणाला, म्हणून यादी यादीवाल्यांकडेच राहू द्या. टायरवाले बोलले. न्हावी बोलला, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या. दादा माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसला होता. खिशात मी मोठ्या अक्षरात लिहून दिलेला कागद होता. सगळ्यांचे आभार, मिळेल ती जबाबदारी स्वीकारीन, संपलं.

मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माइकपाशी आले. ऐंशीच्या घरातले, शर्टाचं वरचं बटण लावलेले. म्हणाले, मी शाळेत विज्ञान शिकवायचो. आमच्या गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचो.

"मला संगणकातलं काही कळत नाही," मास्तर म्हणाले. "एकदा माझ्या हातून काहीतरी चुकलं आणि माझी वेबसाइट नाहीशी झाली. मी ह्यांच्याकडे आलो. मी कोण, कुठला, ह्यांनी काही विचारलं नाही. चूक माझी होती, पण एका शब्दाने बोलले नाहीत. आणि एक दिवस सगळं आपसूक दुरुस्त करून दिलं. सरकार असतं तर मला दहा फॉर्म भरावे लागले असते. कंपनी असती तर फोनच उचलला नसता. यादी असल्या माणसाकडे असावी." ते वळले, दादाला शोधून काढलं आणि मान लववली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "यादीवाले, तुम्हाला काही म्हणायचंय?"

तो उठला. मी त्याची बाही धरली. हे मी कबूल करते. त्याने ती हळूच सोडवून घेतली. माइकपाशी जाऊन त्याने माझा कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

"मास्तरांचं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "त्यांचं नाव मी काढलं होतं. तिसरी वही, पान एकशे बारा. रेघ आहे, सही नाही. मला कोणीतरी सुचवलं आणि मी घाबरलो. एकोणीस दिवस. त्या दिवसांत त्यांच्या गावची सभा झाली. मास्तर माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. तुम्ही सगळे म्हणता, माणूस चांगला आहे. मीही तसंच समजत होतो. मी कोणाला कशासाठी विचारत नाही, ह्याची मला घमेंड होती. ज्या दिवशी विचारायचं होतं त्या दिवशी मी प्राचार्यांनाही विचारलं नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की यादी कोणाकडेही द्या, खात्याकडे, कंपन्यांकडे, पण ती एकट्याच्या हातात—"

तीन मिनिटं झाली होती. सदस्याने सवयीने घंटी वाजवली आणि दादा वाक्याच्या मध्येच थांबला. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "बोला, बोला." तो म्हणाला, "वेळ संपला," आणि जागेवर येऊन बसला. असा माणूस. जन्मात एकदा भाषण केलं, तेही घंटीला मान देऊन अर्धवट.

टाळ्या अर्थातच नव्हत्या. टायरवाले आमच्याकडे न बघता बाहेर पडले. मी मास्तरांना शोधत होते. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि दार हलत होतं.

निर्णय तीन महिन्यांनी आला. यादी एका मंडळाकडे गेली, त्यात खात्याचे, कंपन्यांचे, वापरणाऱ्यांचे आणि कॉलेजांचे लोक. बारभाईंचा कारभार, दुसरं काय. पहिल्या बैठकीत म्हणे अध्यक्षाची खुर्ची कुठे ठेवायची ह्यावरच वाद झाला. पण त्यांच्या नियमांत एक कलम आहे, की कारण लिहिल्याशिवाय, नावाच्या धन्याला आधी कळवल्याशिवाय आणि तीन सह्या झाल्याशिवाय कोणाचंही नाव काढता येणार नाही. ते कलम कुठून आलं हे आम्हाला ठाऊक आहे. पाटी काही लागली नाही. मला सांगायचंय ते मात्र सुनावणीनंतरच्या आठव्या दिवसाचं.

दुपारी दारावर टकटक झाली. मास्तर होते, तीन जिने चढून धापा टाकत. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. चहाला नको म्हणाले. दादा आतून आला आणि उभाच राहिला. मास्तरांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. त्यांची, पाण्याच्या आकड्यांची. एक पान उघडून त्यांनी ती दादाच्या हातात दिली. मी खांद्यावरून वाचलं. त्यांचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं आहे.

शनिवार. पान दिसत नाही. फॉर्म पुन्हा तपासला, चूक सापडत नाही. रविवार. पुन्हा तपासला. सोमवार. शहरात जाऊन आलो, साहेब बघतो म्हणाले, फार सज्जन. सभा. वेबसाइट दाखवता आली नाही, वहीतले आकडे कोणी मानेना. अध्यक्ष म्हणाले, मास्तर, आधी संगणक शिका.

"त्याच्या पुढचं त्यात लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "त्या विहिरीवर पाणी भरणारी एकतीस घरं होती. मी एकेका घरी गेलो आणि माफी मागितली. म्हटलं, माझ्या चुकीमुळे तुमचं काम राहिलं. बावीस वर्षं ती माझी चूक होती. बायको जाईपर्यंत म्हणायची, पोरांना शिकवलंत, स्वतः नाही शिकलात. हसून म्हणायची, पण म्हणायची. आता तिला कोण सांगणार?"

माफ करा हे शब्द दादाच्या ओठांवर आलेले मला दिसले आणि ते किती तोकडे आहेत हे त्याला कळलेलंही दिसलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"तुमची ती वही कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

दादाने समितीकडून परत आलेली तिसरी वही आणली, पान एकशे बारा काढून टेबलावर ठेवली. मास्तर त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कारण लिहा."

मी कपाटावरचं पेन आणून दिलं. दादाने रेघेशेजारी लिहिलं. मास्तर वाकले, चष्मा वर-खाली केला. "मला दिसत नाही. मोठं लिहा."

दादाने पुन्हा लिहिलं, पहिल्याच्या खाली, समासातून बाहेर जाईल एवढ्या अक्षरात. भीती. खाली आजची तारीख आणि सही. बहीण असून त्याची सही मी पहिल्यांदाच चष्मा न पुसता वाचली.

मास्तरांनी मान हलवली, शाळेत गणित बरोबर आल्यावर हलवत असतील तशी. मग म्हणाले, "ह्या पानाची एक प्रत द्या मला. त्या एकतीस घरी पुन्हा जायचंय. बऱ्याच ठिकाणी आता मुलंच असतील, पण सांगायला हवं. फार चालवत नाही आता, दोन-तीन शनिवार लागतील."

"प्रत नको," दादा म्हणाला. "वहीच घेऊन येतो. मी सांगेन, तुम्ही फक्त दार दाखवा."

पुढच्या शनिवारी सकाळची बस होती. नऊ वाजता, जेव्हा दादा तीस वर्षं यादी उघडत आला होता तेव्हा, आम्ही तिघं त्या गावात उतरलो. मीही गेले होते, कारण मलाही त्या घरांमधल्या पोरांबद्दल एक गोष्ट सांगायची होती, आणि ती मी बसमध्ये आधी दादाला सांगितली. बंद केलेल्या विहिरीवर आता सिमेंटचं झाकण आहे. तिच्या समोरच्या पहिल्या घराची कडी मास्तरांनी वाजवली आणि ते बाजूला झाले. दार एका बाईने उघडलं, हात ओले होते. दादाने वही उघडून तिच्यासमोर धरली.

"तुमच्याकडे हे मास्तर एकदा माफी मागायला आले होते," तो म्हणाला. "ती माफी मी मागायची होती."